तांब्या विरुद्ध चिपाड

मोबाईलमधल्या चित्राचं मनगट बघायला मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ईट गावात राहायला आल्याचा तिसरा-चौथा दिवस असेल. खोलीपुढच्या ओट्यावर बसून मी फोनवर मारामारीचा खेळ खेळत होते, आणि माझे घरमालक मागं येऊन कधी उभे राहिले ते मला कळलंच नाही. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याचं वजन किती?"

मला वाटलं फोनचं विचारतायत. तर नाही, पडद्यावरच्या टकल्या योद्ध्याचं. मी म्हटलं, आबा, हे चित्र आहे, याला कसलं आलंय वजन. तर म्हणाले, वजन माहीत नसताना त्या वाळक्या तलवारवाल्यापुढं त्याला उभा केलाच कसा? आणि दोघांची मनगटं जरा मोठी करून दाखव. येडं दिसतंय, असं मी मनात म्हटलं. मग दोन बोटांनी चित्र मोठं करून दाखवलं, कारण दुसरं काही काम नव्हतं.

मी मूळची धाराशिवची. साखरपुडा होऊन माझं लग्न मोडलं होतं, आणि ते का मोडलं हे माझ्यापेक्षा आमच्या गल्लीला जास्त ठाऊक होतं. भाजी आणायला गेलं तरी कुणीतरी मान तिरकी करून "बरं चाललंय ना?" विचारायचं. म्हणून गुरांच्या दवाखान्यातली माझी नोकरी मी लांबच्या गावी मागून घेतली, आणि ईट मिळालं. दिवसभर गाई-म्हशी, शेळ्यांची जंताची औषधं, आणि संध्याकाळी तो खेळ. त्यात बारा योद्धे. एक आपण घ्यायचा, एक फोन घेतो. फोन कसलीही चौकशी करत नाही, एवढ्यासाठी मला तो आवडायचा.

आबांना त्या बाराजणांची इंग्रजी नावं मान्य नव्हती. पंधरा दिवसांत त्यांनी सगळ्यांचं बारसं उरकलं. दोन हातांत दोन घण घेतलेला टकल्या तो तांब्या. तलवारवाला वाळका तो चिपाड. साखळी फिरवणारी एक लांब वेणीची बाई होती, ती काकू, आणि काकूंबद्दल ते "काकू आल्या, काकूंनी मारलं" असं अदबीनं बोलायचे. एकजण हातातून आगीचे गोळे फेकायचा. त्याला त्यांनी नावच दिलं नाही. आग टाकणं ही कुस्ती न्हाय, भांडण हाय, असं म्हणून कायमचा बाद केला. प्रत्येकाचा वस्ताद कोण हेही त्यांना हवं असायचं. आणि यातलं एकही कधी जेवताना दिसत न्हाय, मग एवढी ताकद येती कुठनं, ही शंका त्यांनी महिनाभर लावून धरली.

हे सगळं येडेपण कुठून आलं ते मला दवाखान्यात गुरं घेऊन येणाऱ्यांनी सांगितलं. आबा जत्रेतल्या कुस्त्यांच्या जोडी लावणारे. म्हणजे असं, की जत्रेच्या फडात गावोगावचे पैलवान यायचे, ना कुणाची यादी ना काही. आबा लाल मातीत उभे राहायचे, एका पोराचं मनगट धरायचे, मग गर्दीतून दुसरं बरोबरीचं पोरगं हेरून त्याचं मनगट धरायचे आणि दोघांचे हात वर करून फडाला फेरी मारायचे. कुणी हरकत घेतली नाही तर जोड ठरली. ना काटा, ना वजन, नुसत्या हाताच्या पकडीवर. पंचवीसेक वर्षं त्यांनी हे केलं आणि त्यांची जोड कधी फसली नाही म्हणतात. आता फडात गादी आली, वजनकाटा आला, नावं आधी फोनवरून नोंदवायची. आबांना बोलावतात अजून, पण पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवायला. एकदा गेले आणि तिथं त्यांच्या गळ्यात हार घातला, तेव्हापासून जात नाहीत.

तर रोज संध्याकाळी आमचा वाद. ते तांब्याच्या बाजूनं, मी चिपाडाच्या. आबांना जिंकतो कोण यात फारसा रस नसायचा, कुणाची जोड कुणाशी लागावी यावर ते हटून बसायचे. "आधी कळलं कोण जिंकणार, तर बघायला यायचं कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं म्हणजे, हरणाऱ्याला घरी जायला तोंड ऱ्हायलं पायजे. मी हटवादी आहे, त्यामुळं माझंही काही कमी नव्हतं. तांब्याला वळायला वेळ लागतो, चिपाड त्याच्या मागं जाऊन चार वार करेल, हे मी त्यांना आकडे लावून सांगायचे. ते सांगायचे की ज्याला मान नाही त्याला मागून मारून काय उपयोग. घरात ते एकटेच होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुली बार्शी आणि भूमला दिलेल्या. दिवसभर ते कुणाशी अवाक्षर बोलायचे नाहीत आणि संध्याकाळी एका चित्राच्या मानेवरून घसा बसेपर्यंत भांडायचे. मलाही त्याची सवय लागली, खोटं कशाला बोलू. दुपारी म्हशीला सुई टोचतानाच संध्याकाळचे मुद्दे जुळवायला लागले.

आमच्या ओट्यासमोर दहा पावलांवर दुसरा ओटा. तिथं बापू बसायचे. आबांच्याच वयाचे, खांद्यानं अजून रुंद, पण दोन्ही हात सारखे थरथरायचे, इतके की चहा बशीत सांडायचा. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता. हे दोन म्हातारे रोज एकमेकांसमोर बसतात आणि एकमेकांकडं बघत नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. मी विचारायचं धाडस केलं नाही.

एका संध्याकाळी आबा सांगत होते की चिपाड एका घणात आडवं होणार. तेवढ्यात समोरून बापू मला म्हणाले, "बाई, त्याला म्हणावं, फडातल्या चिपाडावर पाय पडला की भला भला घसरतोय."

आबा भिंतीकडं तोंड करून मला म्हणाले की त्याला सांग, घसरायला पाय उचलावा लागतोय, तांब्या जागचा हलतच न्हाय. दहा पावलांवर बसलेल्या माणसाला हे स्वच्छ ऐकू गेलं असणार. पण बापू माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी निरोप मोठ्यानं सांगितल्यावरच त्यांनी उत्तर दिलं, तेही मला. त्या दिवसापासून मी दोन ओट्यांमधली टपालवाली झाले. एकदा कंटाळून मी मुद्दाम निरोप नेला नाही, तर दोघं दिवे लागेपर्यंत तसेच बसून राहिले. शेवटी मलाच लाज वाटली आणि काकूंच्या साखळीची लांबी किती, हा राहिलेला प्रश्न मी पलीकडं पोचवला. बापूंनी खेळ कधी जवळून बघितलाही नव्हता. नुसतं ऐकून ऐकून त्यांनी बाराच्या बारा योद्धे पाठ केले होते आणि आबांची प्रत्येक जोड ते मोडायचे.

मग माझ्या हातून एक चूक झाली. धाराशिवहून आईचा फोन आला होता, नवीन स्थळ बघायला येणार होतं, आणि तिच्या आवाजातली ती अजिजी ऐकून माझं डोकं उठलं होतं. संध्याकाळी आबांनी तांब्याचं सुरू केलं. मला भांडायचं त्राण नव्हतं. वर ते बिचारे एकटे, कशाला त्यांना दुखवा, असंही मनात आलं. मी म्हटलं, "बरोबर आहे आबा. तुमचंच खरं. तांब्याच जिंकेल."

ते चहाचा कप उचलून आत गेले. चार दिवस ओट्यावर आलेच नाहीत. पाचव्या दिवशी मी आत जाऊन विचारलं की माझं चुकलं काय. मग म्हणाले, "नुरा खेळलीस माझ्याशी. दया आली व्हय माझी?"

नुरा म्हणजे आतून ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. आणि मग मी न विचारता त्यांनी बापूंचं सांगितलं. तरुणपणी जत्रेतली शेवटची कुस्ती आबा आणि बापूंची असायची. सात वर्षं लागोपाठ दोघं लढले आणि सातही वेळा कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. गावात एकाच्या घरी जेवण, दुसऱ्याच्या घरी झोप, असं होतं त्यांचं. आठव्या वर्षी जत्रेच्या महिनाभर आधी बापूंची बायको तापानं गेली. पदरात सहा महिन्यांचं पोरगं. बापू खेळणार नाहीत असं सगळे धरून चालले होते, पण ते लंगोट लावून फडात उतरले. आबांनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना वाटलं, ह्याला आज एकदा तरी लोकांनी खांद्यावर घ्यावं. त्यांनी मुद्दाम स्वतःची पाठ टेकवली. हलगी वाजली, लोक फडात धावले, पण बापू कुणाच्या खांद्यावर बसले नाहीत. फेटा घेतला नाही. कपडे उचलून तसेच मातीच्या अंगानं घरी गेले. आबा मागोमाग गेले तर दार उघडलं नाही. पुढं कुणाकडून तरी बापूंनी निरोप पाठवला, की लोकांनी दया केली ते चाललं असतं, त्यानं करायला नको होती. त्याला पस्तीस वर्षं झाली. आबा पुन्हा लंगोट लावून मातीत उतरले नाहीत. जोडी लावायला लागले.

"एकदा मला तोंडावर बोलावं त्यानं," आबा म्हणाले. "बाकी मला कायबी नको."

मी त्यांची माफी मागितली. आणि त्या संध्याकाळी तांब्याला इतकी नावं ठेवली की आबांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

पुढच्याच महिन्यात बापूंचा मुलगा पुण्याहून आला. हात असे, स्वयंपाकाला येणारी बाई दोन दिवस येते नि चार दिवस येत नाही, किती दिवस असं ठेवणार? रविवारी सकाळी तो वडिलांना घेऊन जाणार होता. घराला कुलूप लागणार हे दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांना कळलं होतं. आबा दोन दिवस घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. मग येऊन मला विचारलं, "ह्यो खेळ दोन माणसांना खेळता येतोय का समोरासमोर?"

येतो. दोन फोन लागतात. माझा जुना फोन पेटीत होता. आबा तीन दिवस शिकले. त्यांचा अंगठा एवढा जाड की एक दाबायला जावं तर दोन बटणं दाबली जायची, आणि मी हसले की ते चिडायचे. शुक्रवारी मी बापूंकडं निरोप नेला: उद्या दुपारी चारला, कडुलिंबाखाली. जत्रेतली शेवटची कुस्ती त्याच वेळेला लागायची म्हणे.

बापूंनी स्वतःचे हात माझ्यापुढं धरले. ते थांबवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. म्हणाले, "हे त्याला दिसत्यात. परत तेच करायचं आसंल तर येऊ नको म्हणावं."

मी हे जसंच्या तसं आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. जोड मात्र मी लावावी असं म्हणाले. मी दोघांच्या मनातलं ओळखून तांब्या आबांना दिला, चिपाड बापूंना.

शनिवारी कडुलिंबाखाली दोन बाजा समोरासमोर टाकल्या. मुलानं बापूंना हाताला धरून आणून बसवलं आणि तो गाडीत डिझेल भरायला गेला. बापूंच्या मांडीवर मी घडी घातलेलं पोतं ठेवलं, त्यावर जुना फोन. मला भीती एकच होती. आबा जिंकले तर जाणाऱ्या माणसाला हरवून पाठवल्यासारखं होणार, आणि हरले तर बापू ते खरं मानणार नाहीत.

खेळ सुरू झाला आणि भलतंच झालं. बापूंचा थरथरता अंगठा बटणावर ठेवला होता, तो आपोआप सेकंदाला पाच-सहा वेळा दाबला जात होता. चिपाड पिसाळलं. वार, उडी, वार, वार, त्याला थांबच नाही. आबांचा तांब्या घण उचलायचा तोवर त्याच्या अंगावर दहा वार पडलेले. अर्ध्या मिनिटात तांब्या आडवा.

मी आबांचा चेहरा बघत होते. त्यांनी मुद्दाम सोडली नव्हती, मी देवाशपथ सांगते. पण बापूंनी फोन पोत्यावर पालथा घातला आणि मला म्हणाले, "परत तेच केलं त्यानं." ते उठायला बघत होते, पण मुलाशिवाय त्यांना बाजेवरून उठता येईना. मी सांगायला गेले की नाही हो बापू, खरंच हरले, तर म्हणाले, तू त्याच्या घरात ऱ्हातीस.

कुस्ती असती तर बापूंना कळलं असतं. अंगाला अंग लागलं की समोरचा जोर लावतोय का सोडतोय ते लपत नाही. इथं मध्ये दोन काचा होत्या. मला रडू यायला लागलं, कारण ही दीडशहाणी कल्पना यशस्वी करायला मीच फोन आणले होते.

आबा मला म्हणाले, "दुसरी लाव."

दुसरी हरले. तिसरी हरले. त्यांनी शर्ट काढून ठेवला. बनियन घामानं पाठीला चिकटलं. चौथ्या वेळेला दात इतके आवळले होते की कानाजवळची शीर दिसत होती. पाचवी. सहाव्या खेळात पहिल्यांदा त्यांना जम बसला. दोन घण नीट बसले, चिपाडाचा दम एवढासा उरला, आणखी एक बसला की संपलं. आबा बाजेच्या कडेवर आले. आणि बापूंचा अंगठा फडफडला, चिपाड उडालं आणि तांब्या पुन्हा पडला.

आबांनी माझा नवा फोन उचलून कडुलिंबाच्या पारावर फेकून मारला.

काचेचे तुकडे झाले. शेळ्या बिचकल्या. आबा हात वर तसाच धरून उभे होते, संतापानं थरथरत, आणि माझ्या मनात आलं की आता हे दोघंही थरथरतायत. बापू त्यांच्याकडं बघत होते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडं. मग ते हसायला लागले. हसताना त्यांचं सगळं अंग हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हरलास रं," ते आबांना म्हणाले. "कवापासनं इतका कच्चा झालास?"

"तुजं हात थरथरत्यात म्हणून जिंकलास," आबा म्हणाले. "न्हायतर चिपाडात काय हाय?"

आणि भांडण लागलं. तिथून पुढं मला कुणी काही विचारलं नाही. तांब्या, चिपाड, मग काकू, मग कुठल्याशा जत्रेतला कुणाचातरी धोबीपछाड, मग बापूंच्या बायकोच्या हातची शेंगाची चटणी. मी फोनचे तुकडे गोळा करत बसले होते. मला आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर थोडी जळफळही झाली, की आता यांना माझी गरज नाही. मुलगा गाडी घेऊन परत आला तेव्हा दोघं एकाच बाजेवर बसले होते.

रविवारी सकाळी गाडी सुटली. आबा गाडीपर्यंत गेले, बापूंना आत बसवायला त्यांनीच हात दिला, बापूंचा थरथरणारा हात जरा वेळ धरून ठेवला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. गाडी ओढ्याच्या वळणाला दिसेनाशी झाल्यावर ते घरात आले आणि झोपले. दुपारी जेवले नाहीत.

मला वाटलं होतं, चार दिवसांनी गाडी रुळावर येईल. फोनला नवी काच बसवून आणली, संध्याकाळी ओट्यावर बसले, मोठ्यानं म्हटलं की चिपाडाला आता कुणी हरवू शकत नाही. आबा शेजारी बसले होते. समोरच्या कुलपाकडं बघत होते. हूं म्हणाले. मी तांब्याला भित्रा म्हटलं, काकूंना म्हातारी म्हटलं, आगवाल्याला परत खेळात घेते म्हटलं. पूर्वी एवढ्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. बापूंशी फोनवर बोला म्हणून मी मुलाचा नंबर लावून दिला. दोघांनी एकमेकांना तब्येत विचारली, पावसाचं विचारलं, आणि मग दोन्हीकडं शांतता. बापूंना फोन नीट धरता येत नव्हता, मुलानं तो कानाला लावून ठेवला होता, आणि मुलाला कामावर जायचं होतं.

वर्षभरानं माझी बदली ढोकीकडं झाली. इथं साखर कारखान्याच्या रस्त्यावर खोली घेतली आहे, एकटीचीच. शेजारपाजारी चांगले आहेत, पण कुणाशी भांडण होईल इतकी ओळख झालेली नाही. परवा दवाखान्यातून आले आणि काय झालं कुणास ठाऊक, खूप एकटं वाटलं. आबांना फोन लावला. मुद्दे तयार ठेवले होते. खेळात नवीन योद्धा आला होता, पोलादी हातांचा, आणि तो तांब्याला चिरडून टाकेल असं मी त्यांना सांगितलं, अगदी खोडी काढून, वजनासकट.



"कोणबी जिंकू दे पोरी," आबा म्हणाले. "तू जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. जेवले म्हणून सांगितलं.